इंटरनेट सुरू, तरी ई-इन्व्हॉइस अडते. सर्व्हरची वाट नेमकी कुठे बंद होते?

माल भरून तयार, पण बिलावर आयआरएन क्रमांक येत नाही. सॉफ्टवेअर ‘कनेक्शन टाइम आउट’ एवढेच सांगते. त्याच सर्व्हरवरचा ब्राउझर मात्र सगळ्या वेबसाइट उघडतो. पहिला फोन इंटरनेट कंपनीला जातो. ‘लाइन ठीक आहे’ असे उत्तर येते आणि अनेकदा ते खरेही असते.

१ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना, काही अपवाद वगळता, व्यवसायांमधील विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. १ एप्रिल २०२५पासून १० कोटी व त्यापुढील उलाढालीसाठी बिल ३० दिवसांत नोंदवण्याची मर्यादाही आली. त्यामुळे बिघाड सापडेपर्यंत थांबू नये. सॉफ्टवेअरमधून बिलाची जेसन फाइल काढून दुसऱ्या संगणकावरून पोर्टलवर चढवता येते.

आतून बाहेर जाणाऱ्यालाही अडवतात?

हो, आणि ते योग्यच आहे. डिसेंबर २०२१मध्ये उघड झालेल्या ‘लॉग४शेल’ त्रुटीत हल्लेखोर सर्व्हरलाच बाहेरून घातक कोड आणायला लावत होते. ज्यांच्या सर्व्हरला बाहेर जाण्याची मोकळीक नव्हती, तिथे हा मार्ग बराच अवघड झाला. म्हणून चांगला फायरवॉल सर्व्हरला ठरलेल्या ठिकाणीच जाऊ देतो. अडचण येते ती नवे ठिकाण त्या यादीत घालायचे राहून गेल्यावर.

तपास कुठून सुरू करावा?

एरर नीट वाचण्यापासून. पोर्टलचे नावच सापडत नसेल तर दोष डीएनएसचा. ‘टाइम आउट’ म्हणजे बहुधा वाटेतल्या फायरवॉलने निरोप गुपचूप टाकून दिला. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे कुणीतरी स्पष्ट नकार दिला. सर्टिफिकेटची तक्रार असेल तर वाट खुली आहे. आधी सर्व्हरचे घड्याळ पाहावे.

पिंगवर विसंबू नये. अनेक ठिकाणी पिंग मुद्दाम बंद ठेवलेले असते. विंडोज सर्व्हरवर पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पोर्टलचे नाव आणि ४४३ पोर्ट देऊन चालवावी. वाट खुली की बंद, ते लगेच कळते. मग हीच चाचणी ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावर करावी. तिथे जमले तर संशय सर्व्हरवरचा फायरवॉल, अँटिव्हायरस किंवा फक्त सर्व्हरसाठी केलेल्या नियमावर.

ब्राउझर चालतो आणि सॉफ्टवेअर अडते, यामागे प्रॉक्सीही असू शकते. ब्राउझरला तिचा पत्ता ठाऊक असतो. पार्श्वभूमीत वेगळ्या खात्याने चालणाऱ्या सेवेला नसतो.

सर्वांत चकवणारा बिघाड दोन इंटरनेट लाइन असलेल्या ऑफिसात होतो. पोर्टलशी थेट एपीआय जोडणी घेणाऱ्यांना आपले आयपी पत्ते आधी नोंदवावे लागतात. मुख्य लाइन पडली की पर्यायी लाइन सुरू होते, नेट चालते, पण पत्ता बदलतो आणि पोर्टल ओळख नाकारते. तासाभराने मुख्य लाइन आली की सगळे ‘आपोआप’ दुरुस्त! दोन्ही पत्ते नोंदवले की प्रश्न मिटतो.

बिले ईमेलने जात नसतील तर प्रकरण वेगळे. अ‍ॅमेझॉन, गुगल यांच्या क्लाउडवर स्पॅम रोखण्यासाठी २५ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर मेल पाठवण्यावर मुळातच बंधन असते. तिथे मेल सेवेचा ५८७ पोर्ट वापरावा.

फायरवॉल बंद करून पाहावा का?

सॉफ्टवेअरवाले फोनवर हमखास हेच सुचवतात. पाच मिनिटांसाठी केलेली ही सोय मग वर्षभर तशीच राहते. त्याऐवजी त्यांच्याकडून लागणाऱ्या पत्त्यांची आणि पोर्टची यादी लेखी मागावी आणि तेवढेच उघडावे. शक्य असेल तिथे नियम आयपीऐवजी नावावर करावा, कारण पोर्टलचे आयपी बदलू शकतात. फायरवॉलच्या लॉगमध्ये अडवलेला प्रत्येक प्रयत्न वेळेसह दिसतो, पण नोंद सुरू ठेवलेली असेल तरच. सर्ट-इनच्या २०२२च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपणे कंपन्यांना बंधनकारक आहे.