हात उठेना, पाऊल निघेना
लेखमाला : झिजणारा मेंदू – लेखांक ६

गेल्या लेखात कंपाविषयी बोललो. पण कंपवाताच्या अनेक रुग्णांना थरथरीपेक्षा जास्त छळतो तो मंदपणा. सदऱ्याचं एक बटण लावता लावता चहा निवतो. हाकेला ओ येईपर्यंत हाक मारणारा मागीलदारी गेलेला असतो. पापण्या कमी लवतात, चेहरा कोरा दिसू लागतो, अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं. घरात याची दोनच निदानं होतात : ‘वय झालं’ किंवा ‘मुद्दाम करतात’. पहिल्यात निदान माया तरी असते.

खरं तर स्नायूंची ताकद बरीचशी शाबूत असते. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला सांगतात. सुरुवातीला ठीक जमतं, मग बोटं दर खेपेला थोडी कमी उघडतात आणि मध्येच थबकतात. ही आटत जाणारी हालचालच त्यांना पाहायची असते. अल्झायमरमध्येही माणूस उशिरा प्रतिसाद देतो, पण तिथे सुरुवातीला हात बहुधा चपळ असतात. प्रश्न उमगायलाच वेळ लागतो. कंपवातात प्रश्न कळलेला असतो, उत्तरही तयार असतं, ते अंगात उतरत नाही.

का उतरत नाही, याचा शोध लागला त्यात आपल्या रानातल्या दोन वनस्पतींचा हात आहे.

पहिली सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरच्या तिच्या गुणाबद्दल ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि पश्चिमेचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे तिच्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण कंपवात झाल्यासारखे संथ होऊ लागले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिलं, ते निपचित पडले. मग डोपा टोचलं आणि ससे उठून हिंडू लागले. रिसर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता; डोपापासून तो पुन्हा तयार झाला. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात, आणि हालचाल सुरू करण्याचा, तिला जोर देण्याचा हुकूम क्षीण होतो. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

दुसरी वनस्पती रत्नागिरीच्या पोरांना सांगायला नको. पावसाळा सरल्यावर रानात, कुंपणांवर मखमली शेंगा लोंबतात आणि त्यांची लव लागली की अंग ओरबाडून काढावंसं वाटतं. ती खाजकुयली, आयुर्वेदातली कपिकच्छू. तिच्या बियांत लेवोडोपा, म्हणजे डोपाचंच कंपवातावर औषध म्हणून दिलं जाणारं रूप, भरपूर असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच वेगळं काढलं होतं. तेव्हा त्याचा कंपवाताशी संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या बियांचा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. म्हणून कुणी बिया कुटून खायला लागू नये. बीगणिक प्रमाण बदलतं, आणि लेवोडोपाची गोळी चालू असेल तर तेच औषध दुप्पट पोटात जातं.

उलट दिशेचा धोका घरातल्या औषधांच्या डब्यात असतो. चक्करेवरची सिनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरची कित्येक औषधं डोपामिनची वाट अडवतात. महिनोन्‌महिने चक्करेची गोळी घेणाऱ्या वृद्धाचं पाऊल जड झालं, तर आधी ती चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी.

आता त्या ‘मुद्दाम’कडे वळू. त्यालाही पुरावा असतो! ओटीवरून माजघरात जाताना उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखे थांबणारे आजोबा चिऱ्याची पाखाडी मात्र चढून जातात. मग शेजारी बोलणारच. पण मनातून आपोआप निघणारं पाऊल आणि डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर पडणारं पाऊल यांचे मेंदूतले रस्ते काहीसे वेगळे आहेत. पायरीची कड ही अशी खूण. म्हणूनच जमिनीवर ठरावीक अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवतात, तालावर चालायला शिकवतात. पाखाडी उतरताना मात्र सोबत हवीच, तोल हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरा पुरावा दुपारचा. सकाळी बागेत फेरी मारणारा माणूस जेवणानंतर खुर्चीतून उठत नाही. इथे कधी कधी ताटातली सुरमई कारण असते. प्रथिनांतून सुटणारी काही अमिनो आम्लं आणि लेवोडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून शिरतात. दाटी झाली की गोळी बाहेर ताटकळते. म्हणून ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. काहींना डॉक्टर मासे, डाळी, अंडी रात्रीच्या जेवणात घ्या म्हणतात. मासे सोडायला सहसा कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी रत्नागिरीत कोण ऐकणार?

जेवणाचा विषय निघालाच आहे, तर घास गिळण्यातल्या मंदपणाबद्दल पुढच्या आठवड्यात.