ठाम बोलणे हेही भांडवलच

धंद्याला भांडवल लागते आणि हातात कसब लागते, हे आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना कुणी सांगायला नको. पण कसब असूनही समोरच्याशी बोलताना ज्याची जीभ अडखळते, त्याच्या मेहनतीचा मोबदला दुसराच कुणी घेऊन जातो. गिऱ्हाईक, घाऊक व्यापारी आणि बँकेतले साहेब या तिघांशी आपला नेहमीचा संबंध. त्यांच्याशी बोलताना आत्मविश्वास कसा यावा, याचा आज विचार करू.

आत्मविश्वास म्हणजे चढा आवाज नव्हे. आपण जे बोलतो ते आपल्याला पक्के ठाऊक आहे, ही मनाची खात्री म्हणजे आत्मविश्वास. ही खात्री तयारीतून येते.

गिऱ्हाइकाशी बोलताना

मिरजेच्या सतारमेकरांचा व्यवसाय दीडशे वर्षांहून जुना आहे. तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, गिऱ्हाईक म्हणाले, "एवढी किंमत कशी हो?" यावर "बरं, तुम्हाला काय द्यायचे ते द्या" असे उत्तर दिले की भाव तिथेच पडतो. उलट, "हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आहे, पुरता वाळवून घेतला आहे. घोडीवरची जवारी कानाने ऐकत काढली आहे. आपण वाजवून पाहा," असे शांतपणे सांगितले, तर गिऱ्हाइकाला किमतीमागचे काम दिसते. घासाघीस होईलच, पण ती मान राखून होईल.

शिलाई असो, चप्पल असो वा फर्निचर, हाच नियम. कच्चा माल, मजुरी, वीज, भाडे यांचा हिशेब मांडून आपला खालचा भाव आधीच ठरवावा. मग "नाही परवडत" हे दोन शब्द हसतमुखानेही बोलता येतात.

उधारी मागताना

खरी परीक्षा इथे होते. माल देऊन तीन-तीन महिने उलटतात, पण पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने आपण तोंड उघडत नाही. अशा वेळी कायदा ठाऊक असणे हा मोठा आधार असतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा २००६ साली झाला. त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरल्या तारखेला पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा लाभ नाही, तो माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे.

त्यासाठी माल देण्याआधीच 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. ती १ जुलै २०२० पासून सुरू असून विनामूल्य आहे. बिलावर तारीख व नोंदणी क्रमांक असू द्यावा. मग "शेठ, मुदत गुरुवारी संपली, रक्कम कधी पाठवता?" एवढे विचारणे पुरते. त्यात ना विनवणी, ना भांडण.

बँकेत बोलताना

घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्यांना कचेरीत मराठी बोलताना संकोच वाटतो. भाषा मोडकी असली तरी बिघडत नाही, मुद्दा मोडका नसावा. मुद्रा योजनेत २०१५ पासून १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते. पण "साहेब, काही मदत करा" असे म्हणून काम पुढे सरकत नाही. कर्ज किती हवे, कोणत्या यंत्रासाठी, हप्ता कशातून फेडणार, ही तीन वाक्ये घरी मोठ्याने म्हणून पाहावीत आणि कागदपत्रे क्रमाने लावून न्यावीत. नकार मिळाला तर कारण विचारावे व ते लिहून घ्यावे. त्यावरून पुढच्या खेपेची तयारी करता येते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्याला स्वतःविषयी खात्री असते तो समोरच्याचे पुरते ऐकून घेतो, चूक झाली असेल तर कबूल करतो आणि आपल्या हाताखालच्या पोराशीही अदबीने बोलतो. बाजारात पत वाढते ती अशाच माणसाची.