कुठले इंजिन?

विमानाच्या आत-बाहेर : लेखांक ९

धावपट्टीची लांबी कशी ठरते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. त्या हिशेबाच्या पोटात एक आकडा असतो : व्ही-वन. वजन, तापमान, वारा, पट्टी ओली की कोरडी, हे पाहून तो दर उड्डाणाआधी काढतात. एअरबस ए-३२०साठी तो बऱ्याचदा १४० नॉटच्या, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास येतो. त्याआधी इंजिन गेले तर ब्रेक. नंतर गेले तर उडायचेच, कारण उरलेल्या पट्टीत विमान थांबेलच याची खात्री नाही. ‘व्ही-वन’ अशी हाक आली की कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो. मोह नको म्हणून.

एका इंजिनावर उडायचे कसे? विमान त्यासाठीच बनवलेले असते. दोन इंजिनांच्या जेट विमानाला एक इंजिन बंद असताना, चाके आत घेतल्यावर, दर १०० मीटरमागे किमान २.४ मीटर चढता आले नाही, तर त्याला प्रमाणपत्रच मिळत नाही. एकाच बाजूने वल्हवलेल्या होडीसारखे नाक बंद इंजिनाकडे वळू लागते, ते पायाने रडर दाबून सरळ धरायचे. मग चाके आत घ्यायची. आणि मग बहुतेक कंपन्यांत निदान ४०० फुटांपर्यंत इंजिनाच्या दांड्यांना हात लावायचा नाही. घंटा वाजत असते, लाल दिवा लागलेला असतो, तरी नाही. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडा हाच. पुढेही एकाने दांडीवर हात ठेवून ‘हेच ना?’ म्हणायचे आणि दुसऱ्याने पाहून होकार दिल्यावरच ती हलवायची.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचे एटीआर ७२-६०० किनमेनला निघाले. आत ५८ माणसे. इंजिन गेल्यास पंख्याची पाती आपोआप धारेवर वळवून हवेचा अडथळा कमी करणारी एक यंत्रणा या विमानात असते. ती सज्ज असल्याचा दिवा धाव सुरू झाल्यावर लागला नाही. तेव्हाच थांबायला हवे होते, असे चौकशीत नोंदले गेले. पण कंपनीचा तसा स्पष्ट लेखी आदेशही नव्हता. धावता धावता दिवा लागला आणि विमान उडाले.

सुमारे १,२०० फुटांवर घंटा वाजली. त्या यंत्रणेतल्या डाग दिलेल्या एका कच्च्या जोडाने खोटा निरोप दिला होता आणि चांगल्या चालत्या उजव्या इंजिनाचा पंखा धारेवर वळला होता. ‘इंजिन २’ असे पडद्यावर लिहून आले. विमान हाताळणाऱ्या कॅप्टनने ऑटोपायलट सोडला आणि इंजिन १चा थ्रॉटल मागे घेतो म्हणाला. शेजारचा वैमानिक, तोही कॅप्टनच, ‘थांबा, आधी ताडून पाहू’ अशा अर्थाचे बोलला. तोवर हात चालला होता. थोड्या वेळाने डावे इंजिन पुरते बंदच केले गेले. आता ओढ देणारे काहीच उरले नाही. चुकीच्या बाजूचा थ्रॉटल ओढल्याचे उद्गार शेवटी ध्वनिमुद्रणात आहेत. डावे इंजिन पुन्हा सुरू करेपर्यंत उंची संपली होती. पहिल्या घंटेनंतर दोन मिनिटांच्या आत विमान उड्डाणपुलाला आणि त्यावरच्या टॅक्सीला घासून कीलुंग नदीत कोसळले. ४३ जण गेले.

उंचीचा नियम इथे मोडला नव्हता, मोडली ती दुसऱ्याच्या होकाराची अट. आणि हे अगदीच अनपेक्षित नव्हते : व्ही-वननंतर इंजिन गेल्याच्या सरावात हा वैमानिक अडखळतो, असा शेरा त्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदींत आधीच होता. शेरा लिहिणाऱ्यांनी त्याला तरीही डाव्या खुर्चीत बसू दिले. मला दोष एकट्या त्या हाताला देववत नाही. अपघातानंतर तैवानच्या विमान वाहतूक खात्याने कंपनीच्या एटीआर वैमानिकांची परीक्षा घेतली, तेव्हा आणखी काहीजण नापास झाले. नोव्हेंबर २०१६मध्ये कंपनीच बंद पडली.

पुढच्या आठवड्यात उलटा प्रसंग : २०१६ साली शिकागोच्या धावपट्टीवर इंजिनाची चकती फुटलेले आणि कॅप्टनने वेळेत थांबवलेले बोइंग ७६७.