गोडलिंबावरची बहुरूपी

कन्हान हे काही संत्र्याचं गाव नव्हे. संत्रा पिकतो तो पश्चिमेकडे, काटोल-नरखेडच्या पट्ट्यात. इकडे पारशिवनी तालुक्यात धान, आणि गावाला लागून कोळशाच्या खाणी. तरीही संत्र्याच्या रोपवाटिकांना छळणारी पाने खाणारी अळी पाहायला काटोलला जायची गरज नाही. इथल्या अंगणातलं लिंबाचं झाड किंवा गोडलिंबाचं रोप तिला पुरतं. संत्रा, लिंबू, गोडलिंब, बेल ही सगळी एकाच कुळातली, आणि त्या कुळाच्या पानांतल्या तेलाचा वास हीच तिची ओळखखूण.

या अळीच्या फुलपाखराची मादी पानावर उतरते ती चाखायला. पुढच्या पायांनी ती पानाची चव घेते आणि झाड योग्य वाटलं तरच अंडं घालते. तेही एका ठिकाणी सहसा एकच, कोवळ्या नवतीवर. अंडं गोल, फिकट पिवळं, मोहरीहून लहानच. तीन-चार दिवसांत ते काळपटतं, अळी बाहेर येते आणि आधी स्वतःचं टरफल खाते.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अळी चार वेळा कात टाकते. सुरुवातीच्या अवस्थांत ती तपकिरी-काळी, चकचकीत आणि पाठीवर पांढरा डाग असलेली, म्हणजे हुबेहूब पाखराची विष्ठा! म्हणूनच ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर निवांत बसते. पाखरू तिच्यावर चोच मारत नाही आणि माणसाची नजरही घसरून जाते. पण विष्ठा किती मोठी असू शकते, याला मर्यादा आहे. शेवटची कात टाकली की सोंग बदलतं. आता ती हिरवीगार, सुमारे चार सेंटिमीटर लांब, कुशीवर तिरपे गडद पट्टे, आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके. हे डोळे खोटे. खरं डोकं लहानसं, त्याखाली दडवलेलं. तिला डिवचून पाहा: डोक्यामागून नारिंगी-लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र दर्प सुटतो. मुंग्या-कोळ्यांना तो पुरेसा असतो.

खादाडपणाही याच शेवटच्या अवस्थेत. कडेपासून आत कुरतडत ती मधली शीर तेवढी ठेवते. मोठं झाड हे सहज सोसतं. त्यावर फवारणी म्हणजे मला तरी पैशाची नासाडी वाटते. जंबेरी लिंबाच्या खुंटावर नुकताच डोळा बांधलेल्या कलमाची गोष्ट वेगळी. त्याला पानंच मोजकी. दोन अळ्या त्याचा खराटा करतात. तिथे सकाळी फेरी मारून अळ्या वेचणं हा जुना उपाय आजही चालतो. मोठ्या रोपवाटिकेत बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणू कीटकनाशक वापरतात, पण ते अळीच्या पोटात जावं लागतं आणि लहान अळीवरच चांगलं लागू पडतं. हिरवी अळी दिसल्यावर धावपळ करणारा उशिराच जागा झालेला असतो.

कोष शेपटीकडून चिकटलेला आणि कमरेला रेशमी धाग्याचा पट्टा घेऊन टेकलेला असतो. आसपास हिरवळ असेल तर हिरवा, वाळकी काडी असेल तर तपकिरी. उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठवड्या-दीड आठवड्यात, थंडीत त्याहून बऱ्याच उशिरा, त्यातून काळ्या पंखांवर पिवळे ठिपके आणि मागच्या पंखाला विटकरी डाग असलेलं फुलपाखरू निघतं. पावसाळा सरताना नदीकाठच्या ओल्या वाळूवर क्षार शोषत बसतात ते यांतले नर. १७५८ मध्ये लिनिअसने त्याला पॅपिलिओ डेमोलियस हे नाव दिलं. आशियातलं हे फुलपाखरू २००४ मध्ये कॅरिबियनमधल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात सापडलं, आणि तिथल्या लिंबूवर्गीय बागांना नवी काळजी लागली. आपल्याकडे २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं नीलवंत याच पॅपिलिओ वंशातलं. त्याच्याही अळ्या लिंबूवर्गीय पानं खातात. तिथे मात्र आपण कौतुकच करतो.

प्रत्येक कोषातून फुलपाखरू निघतंच असं नाही. काही इवल्या परजीवी माश्या ताज्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतला ऐवज फस्त करतात. तपकिरी कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, तर त्या माश्या बाहेर पडून गेल्या आहेत असं समजायचं, आणि त्या बागेत आठवडाभर तरी रासायनिक फवारणीचा पंप उचलायचा नाही.