घरातला जुना स्टिरिओ अपग्रेड करायचाय? आधी पैसे कुठे घालायचे ते बघा

घरात बाबांच्या काळातला ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आहेत. तुम्ही त्याला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावून मोबाईलवरची गाणी ऐकता, पण मजा येत नाही. मग वाटतं, हे भंगारात देऊन साउंडबार घेऊन टाकू. मित्रांनो, जरा थांबा!

टू-चॅनल म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरला वेगवेगळा सिग्नल. या दोघांतल्या फरकावरून आपला मेंदू ठरवतो की गायक मधोमध आहे, तबला एका बाजूला आहे. साउंडबारमध्ये दोन्ही बाजू एकाच डब्यात असतात, त्यामुळे हा पसारा तिथे नीट उभा राहत नाही.

पहिला अपग्रेड फुकटात

आपल्याकडे एक स्पीकर शोकेसवर आणि दुसरा कपाटावर असतो. ही जोडी कितीही महाग असली तरी स्टिरिओ ऐकू येणार नाही. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. ट्वीटर, म्हणजे वरचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलात तर बेस फुगतो आणि घुमतो.

मागच्या वायरी पण तपासा. लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची वायर उलटी असेल तर बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज मधून न येता इकडेतिकडे पसरतो. आणि हो, फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू नाही ना, तेही बघून घ्या.

पैसे घालायचे तर स्पीकरवर

आवाजात सर्वांत मोठा फरक स्पीकरनेच पडतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त बजेट इथे जावं. पण आधी जुन्याच स्पीकरची जाळी काढा. कोनच्या कडेला फोमची रिंग असेल तर ती वर्षानुवर्षांत कुजते, बोट लावलं की भुगा पडतो. कोन चांगला असेल तर स्पीकर रिपेअरवाले फक्त रिंग बदलून देतात. नव्या जोडीपेक्षा हे खूप स्वस्त पडतं.

ॲम्प्लिफायरच्या वॅटला फसू नका. खोक्यावर पीएमपीओ लिहिलेला हजारोंचा आकडा विसरा, आरएमएस बघा. आणि गंमत अशी की ५० वॅटवरून १०० वॅटवर गेलात तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. ८४ डेसिबलच्या स्पीकरला जितका आवाज काढायला ४० वॅट लागतात, तितका ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. ॲम्प्लिफायरच्या मागे किमान ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नका, तो तापून बंद पडू शकतो.

आता फोनकडे वळू

सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक साधारण ३२८ पर्यंत जातो. एलडीएसी ९९० पर्यंत जातो, पण फोन आणि रिसीव्हर दोन्हीकडे तो असावा लागतो, आणि आयफोनमध्ये तो मिळत नाही.

सोपा उपाय म्हणजे आत डॅक असलेला यूएसबी-सी डोंगल आणि ३.५ एमएम ते आरसीए केबल. डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल बनवणारी चिप. केबल ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये लावा. ‘फोनो’मध्ये चुकूनही नको, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं आणि फोनचा आवाज तिथे फाटतो. गाणं ऐकताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर व्हॉट्सॲपची टिंग अख्ख्या चाळीला ऐकू जाईल.

महागड्या केबलचं काय? घरातल्या अंतराला इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते.

सेकंडहँड जोडी बघायला जाताना स्वतःचा फोन, डोंगल आणि केबल सोबत न्या. तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावा, एकेका स्पीकरला कान लावून ऐका आणि व्हॉल्यूमचं बटण हळूहळू फिरवा. खरखर आली तर तिथेच भाव कमी करायला सांगा.