कमरेचा पट्टा आणि चिखलातला तोल

रोवणीच्या दिवसांत नवेगाव बांधला धुऱ्यावरून चालणे म्हणजे परीक्षाच. धुरा जेमतेम वीतभर रुंद, दोन्हीकडच्या बांध्यांत चिखल आणि वरून पाऊस. या वाटा मी लहानपणापासून तुडवल्या आहेत. पण दोन वर्षांपूर्वी मणक्याची गादी सरकली, कमरेला पट्टा आला, आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. पट्टा बांधला की पाय नेमका पडे. काढला की तीच वाट परकी वाटे. पट्टा काही मला उचलून धरत नव्हता. मग तो करत काय होता?

डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावा; लागते. हात कुठे आहे हे न पाहता कळते, कारण स्नायू, सांधे आणि त्वचा मेंदूला सतत खबर देत असतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला शास्त्रीय नाव दिले. मी तिला अंगभान म्हणते. ते असते तोवर त्याची आठवणही होत नाही. इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांचे मानेखालचे अंगभान १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारात गेले. स्नायूंत बळ होते, पण हातपाय कुठे आहेत हेच कळेना. नजरेने एकेक अवयव राखत ते पुन्हा चालायला शिकले. मात्र दिवा गेला की कोसळत.

पाठदुखीतही या जाणिवेत फरक पडतो, इतका मोठा नव्हे, पण पडतो. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांना असे आढळले की पाठ दुखणारी माणसे तोल सांभाळताना पाठीच्या खबरीवर कमी आणि घोट्यांच्या खबरीवर जास्त विसंबतात. कडक जमिनीवर हे निभावते. मऊ फोमवर उभे केले की घोट्यांची खबर भरवशाची राहत नाही, तरी ही माणसे तिलाच धरून बसतात आणि जास्त डुलतात. हे वाचले तेव्हा मला आमची बांधी आठवली. चिखल म्हणजे फोमच की!

पट्टा इथे कामाला येतो तो बळापेक्षा स्पर्शाने. जरा वाकले की तो एका बाजूला दाबतो, दुसरीकडे सैल पडतो, आणि पाठीची हरवलेली खबर त्वचेवाटे पोचते. त्वचेवर चिकटवायच्या लवचीक पट्ट्यांमागेही (जपानच्या केन्झो कासे यांनी त्या १९७०च्या दशकात आणल्या) हीच कल्पना सांगितली जाते. त्यांच्याबाबतचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, आणि खेळाडूंच्या अंगावरच्या त्या रंगीत नक्षीला मी तरी फार भुलणार नाही. स्पर्शाची ताकद खरी आहे. १९९४ मध्ये जेका आणि लॅकनर यांनी दाखवले की स्थिर वस्तूला बोटाचे टोक शंभर ग्रॅमहूनही कमी दाबाने टेकले, तरी उभ्या माणसाचे डुलणे कमी होते. एवढ्याशा दाबाने आधार मिळत नाही, खबर मिळते. म्हातारी माणसे भिंतीला नुसते बोट लावत चालतात, ती उगीच नव्हे.

पण पट्ट्याची दुसरी बाजू मला धुऱ्यानेच शिकवली. एकदा पाय घसरला. अशा वेळी शरीर कमरेत झटकन वळून तोल सावरते. मी पट्ट्यासकट ओंडक्यासारखी चिखलात गेले. लहान डुलणे आवरणारा ताठरपणा मोठ्या घसरणीत आड येऊ शकतो. शिवाय पट्टा बांधून पाठदुखी टळते, हेही खरे ठरलेले नाही. अमेरिकेत दुकानांतल्या नऊ हजारांवर कामगारांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या पाठीच्या दुखण्यात तिला फरक दिसला नाही.

माझ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पट्टा हळूहळू सोडवला. रोज स्वयंपाकाच्या ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभे राहायचे, मग बोट काढायचे, मग घडी घातलेल्या गोधडीवर तेच. चार महिने लागले.

यंदा पट्टा खुंटीवर होता. आमच्याकडे रोवणीला येणाऱ्या एका बाईने तो पाहिला आणि विचारले, "बाई, तो आता मले देता का?" दिवसभर ओणवी राहून तिची पाठ मोडते. ओणव्याने पट्टा पोटात रुततो, आणि तिचे दुखणे तोलाचे नाही, तासन्‌तास वाकण्याचे आहे. ते सगळे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले, पदर कमरेला घट्ट खोचला आणि पऱ्ह्यांची पेंडी उचलून बांधीत उतरली.