पावतीविना काटकसर

कर्ज झाले की उपदेश ठरलेला: लग्नात उधळू नका, सणावारी हात आखडता घ्या. दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या सरकारी आयोगाने मात्र वेगळे म्हटले. लग्नकार्याच्या खर्चाला नको तितके महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग कुणब्याच्या आयुष्यात येतात तरी किती?

हिशेब मांडून पाहावा. कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा २. पोटाला चिमटा घेऊन कुणबी वर्षाला २० रुपये फेडतो. वर्षाअखेर व्याजच होते २४. म्हणजे बाकी १०४. पुढल्या वर्षी जवळजवळ १०९. तीच काटकसर शेकडा १ दराने केली, तर नवव्या वर्षी खाते मिटते.

पण २० रुपये जमा झाले, हे ठरवणार कोण? वही सावकाराची, लिहिणारा तोच. बहुतेक कुणबी निरक्षर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमाव उठला, तेव्हा त्याचा रोख कर्जखतांवर होता, तो उगीच नव्हे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला खतामागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, व्याज आवरता येऊ लागले, हप्तेही बांधून देता येऊ लागले. मला मात्र त्यातली साधी कलमे अधिक मोलाची वाटतात: दिलेल्या पैशाची लेखी पावती, दरसाल खातेउतारा आणि मागितल्यास पासबुक. हा हक्क आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या ४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुरताच होता.